मागची अर्धी सीट

खोपटच्या एसटी डेपोमागे माझा मेकॅनिक बसतो. बाइकला नवे ब्रेक पॅड आणि डिस्क बसवली की तो लगेच चावी देत नाही. ‘अजून त्यांचं जमलेलं नाय एकमेकांशी,’ म्हणतो आणि समोरच्या रस्त्यावर स्वतःच फेऱ्या मारतो. वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही.

परवा मला घाई होती. म्हटलं, ‘मीच करतो घरी जाता जाता.’

‘नको साहेब. तुमच्या मागे कोण बसत नाय. तुम्ही कचकन दाबणार.’

मी कडेला उभा राहिलो. तो पार टाकीला चिकटून बसतो आणि मागची अर्धी सीट मोकळी ठेवतो. ब्रेक दाबायच्या आधी दरवेळी मान जराशी मागे वळवतो. या वेळी तो अगदी जवळून गेला, म्हणून ऐकू आलं.

‘धरून बस गं.’

चावी देताना त्याने नेहमीसारखं सांगितलं, ‘सांभाळून जा.’

डोंबिवलीला परतताना कल्याण फाट्याचा लाल सिग्नल लांबूनच दिसला. मी थोडा पुढे सरकलो, मागे जागा केली आणि मगच ब्रेकला बोट लावलं.