वाल्मिकभाऊंचा लूम

"धागा तुटला!" असं मी ओरडलो, आणि भुसावळ पॅसेंजरच्या त्या खच्चून भरलेल्या डब्यात सात पोरं जागच्या जागी थिजली. मी सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत मास्तर. पण एका हाकेत इतकी पोरं माझ्यासाठी कधी गप्प झाली नव्हती. मी खुशीत येऊन चौफेर पाहिलं. शाबासकीच हवी होती म्हणा ना.

आणि त्या शांततेत वाल्मिकभाऊंची चार वर्षांची हर्षदा खोकली.

एरवी पोरगी खोकली तर फार तर कोणी खडीसाखर पुढे केली असती. पण हा चौऱ्याण्णवचा सप्टेंबर होता. सुरतेत प्लेगची बातमी पसरली होती, मेडिकलवाल्यांकडच्या कॅप्सूल संपल्या होत्या, आणि अर्धी लिंबायत नाकाला रुमाल बांधून खान्देशाकडे पळत होती. त्या डब्यात खोकणं म्हणजे काय, हे डब्यातल्या प्रत्येकाला कळत होतं.

आता हा लूम काय प्रकार होता ते सांगायला हवं.

वाल्मिकभाऊ उधन्याला पॉवरलूमवर कारागीर. बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेलेले; त्यामुळे ते "चहा घ्या" असं म्हणाले तरी शेजारच्या गल्लीतला माणूस वळून पाहायचा. मोठ्यांशी त्यांचं फारसं जमत नसे, पण पोरांशी त्यांचं गणित पक्कं होतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची गल्ली गावी निघाली की आया आपापली पोरं वाल्मिकभाऊंच्या बाकावर आणून टाकायच्या आणि बेलाशक पाय पसरून घोरायच्या. त्यांच्या पिशवीत कारखान्यातल्या रिकाम्या कांड्या आणि रंगीत सुताचा गुंता असे. त्या गुंत्यातून व्यारा स्टेशन येईपर्यंत साप निघायचा, नवापूरपर्यंत घोडा, आणि नंदुरबार येईतो प्रत्येक पोराच्या शेंडीला नाहीतर वेणीला एकेक गोंडा.

पण सगळ्यांत लाडका खेळ लूमचा. लूमवर ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, एक धागा तुटला की लूम थांबवावा लागतो, तो धागा जोडल्यावरच पुन्हा चालू. तर पोरं म्हणजे लूम. सगळ्यांनी मिळून "खटाक-खट, खटाक-खट" करायचं. वाल्मिकभाऊ "धागा तुटला!" म्हणाले की चिडीचूप; पापणीही हलवायची नाही. "धागा जोडला!" म्हणेपर्यंत जो हलला तो बाद. त्या मधल्या दोन मिनिटांत आया काय ती झोप काढायच्या. रडकं पोर, भुकेलं पोर, खिडकीसाठी भांडणारं पोर, सगळ्यांवर हा एकच इलाज, आणि तो लागू पडायचा.

त्या दिवशी मात्र उधना सोडल्यापासून लूम थांबलाच नव्हता. दीड तास नुसतं खटाक-खट. पोरांचे घसे बसले. माझा मुलगा प्रशांत तर कावळ्यासारखा वाजत होता. छपरापर्यंत माणसं, बाहेर दांड्याला लोंबकळणारी माणसं, आणि मधे हा कारखाना. वाल्मिकभाऊ स्वतः सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. हर्षदा त्यांच्या मांडीवर, तिचं तोंड त्यांच्या सदऱ्यात. मला वाटलं, माणूस घाबरून खेळाचा अर्धा भाग विसरला. मास्तरकीची खोड; चूक दिसली की सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी ओरडलो.

खोकला एकदा आला, मग थांबेचना. दीड तासाचा तो खटाक-खट कशासाठी होता, ते मला आत्ता कळलं.

"कोन खोकलं रे?" पलीकडच्या बाकावरून भटू उठला. आमच्याच गल्लीतला, वाल्मिकभाऊंच्याच कारखान्यातला. "वाल्मिक, तुनी पोर ना?"

"कारखान्यातली रुई गेली आहे तिच्या घशात," वाल्मिकभाऊ म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे सबंध डब्याला ऐकू जाईल अशा. "आधीपासून खोकते ती. श्रावणापासून खोकते."

"सगळे असंच सांगतात."

"ताप नाही हो तिला," त्यांची बायको सरस्वती म्हणाली. "हात लावून पाहा ना भाऊ, अंग थंड आहे."

हात लावायला कोण पुढे येणार? उलट त्या बाकाभोवती जागा झाली. जिथे पाय ठेवायला फट नव्हती तिथे अचानक माणूस आडवा पडेल एवढी मोकळीक. कोणीतरी म्हणालं, उतरवा. मग सगळेच म्हणाले. त्यात एक बाई तर आपल्या लेकराच्या तोंडावर पदर दाबून रडत म्हणत होती, "उतरा हो, पाया पडते, उतरा."

गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबली. फलाट म्हणजे मुरमाचा उंचवटा आणि एक कडुनिंब. वाल्मिकभाऊंनी भांडण केलं नाही. पोरीला खांद्यावर घेतलं, सरस्वतीनं बोचकं उचललं. वाट द्यावी लागलीच नाही, ती आधीच झाली होती. माझ्याजवळून जाताना ते क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. माझा पाय वळकटीत अडकला असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगत असे. पाय अडकला नव्हता. मी प्रशांतकडे पाहिलं आणि परत बसलो.

पोरं अजून तशीच होती. थिजलेली. प्रशांतच्या डोळ्यांत पाणी साचलं होतं, पण पापणी हलवत नव्हता. धागा अजून कोणी जोडला नव्हता ना. वाल्मिकभाऊ खाली उतरले, खिडकीशी आले आणि म्हणाले, "धागा जोडला रे पोरांनो. करा चालू."

गाडी हलली, आणि सहा पोरं बसक्या घशानं ओरडू लागली, खटाक-खट, खटाक-खट. त्यांना गप्प करायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं मला सरस्वतीकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. दोन दिवस ती तिघं त्या कडुनिंबाखाली होती. पाणी मिळायचं, पण भांडं दूर ठेवून माणूस मागे सरायचा. मागून आलेल्या दोन्ही गाड्यांत कोणी शिरू दिलं नाही. मग रुळांच्या कडेनं चालत नवापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरनं पोरीची छाती तपासून सांगितलं, प्लेग नाही, रुईचाच त्रास आहे.

दिवाळीनंतर सगळे सुरतेत परतले. भटू आणि वाल्मिकभाऊ पुन्हा शेजारशेजारच्या लूमवर उभे राहू लागले. मी त्यांच्या दारावरून जाताना घाईत असायचो.

पुढच्या आखाजीला तीच गाडी, तीच गल्ली. आयांनी सवयीनं पोरं वाल्मिकभाऊंच्या बाकावर आणून टाकली. पिशवी नव्हती. ते खिडकीबाहेर पाहत होते. पोरांनी थोडी ओढाताण केली, मग कंटाळून आपापसात मारामाऱ्या सुरू केल्या. हर्षदा कोपऱ्यात बसली होती. एकदा तिला ठसका आला. तिनं झटकन फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबला, डोळे मिटले, आणि लाल होऊन, थरथरत, आवाज न करता तो सगळा आत गिळला. कोणी शिकवलं नव्हतं. डब्यात त्या दिवशी कोणाला भीतीही नव्हती.

मी जाऊन वाल्मिकभाऊंच्या शेजारी बसलो. त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून, सात महिने घोटून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी ओरडायला नको होतं."

ते बाहेरच पाहत होते. पण या खेपेला आवाज फक्त मला ऐकू येईल एवढाच होता.

"ओरडले त्याचं काही नाही, गुरुजी, तुम्ही खाली उतरले नाही."