भोयर काकांचे सव्वा किलो

गुरुवारी सकाळी साडेनऊला कॅज्युअल्टीतून फोन आला. "दीदी, आपके भोयर अंकल आए हैं. किसी को पहचान नहीं रहे." माझ्या हातात सुई, समोर पेशंटचा हात. "बूढापारा मोहल्ल्याचे भोयर?" मी विचारलं. उत्तर यायच्या आधी फोनमधूनच उचकी ऐकू आली, आणि ती त्यांचीच होती. कालच तर चार तास माझ्या मशीनवर होते. कालच तर चांगले करून घरी पाठवले होते. 

मी डायलिसिस टेक्निशियन. मूळची गोंदियाची. रायपूर राजधानी झाली, इथे मोठमोठी हॉस्पिटलं उघडली, तेव्हा "दोन वर्षं पाहू" म्हणून आले आणि इथलीच होऊन बसले. ज्यांच्या किडन्यांनी हात वर केले, त्यांचं रक्त बाहेर काढायचं, बारीक नळ्यांच्या फिल्टरमधून धुवायचं आणि परत आत सोडायचं, हे आमचं काम. चार तास, हप्त्यातून तीनदा. मधल्या दिवसांत या लोकांना लघवी जवळजवळ होतच नाही. जे प्यायलं ते अंगातच राहतं. पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, दम लागतो. हे पाणी आम्ही वजनकाट्यावर मोजतो. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं, त्याला आम्ही ड्राय वेट म्हणतो. त्याच्यावर जितके किलो, तितके लिटर पाणी. म्हणून दिवसाला मोजून तीन पेले. त्यात चहासुद्धा आला.

भोयर काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाले आणि वर्षभरात किडन्या गेल्या. माणूस सरळ, वेळेचा पक्का, पण तहानेपुढे पार हरलेला. दर वेळी काट्यावर साडेतीन, चार किलो जास्त. मी तर बोलूनच टाकायची, "काका, बूढा तलाव पिऊन आले काय?" ते मान खाली घालत. "क्वारचं ऊन हाय ताई. जीभ टाळूले चिकटून राह्यते. काय करू?" छत्तीसगडात आश्विनाला क्वार म्हणतात, आणि ते ऊन वैशाखालाही हार जात नाही.

आणि त्या सोमवारी काका काट्यावर उभे राहिले तर फक्त सव्वा किलो. आमचा अटेंडंट साहू भैया वाकून बघायला लागला. "कांटा खराब हे का दीदी?" परत उभं केलं. सव्वाच. मी सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं ओरडले, "पाहा, भोयर काकांनी करून दाखवलं! शिका काहीतरी!" काका लाजले. काकूंच्या चेहऱ्यावर तर असं काही आलं, जणू पोट्टं पहिल्या नंबरानं पास झालं.

बुधवारी वजन परत सव्वा किलो, पण सोबत उचकी. मंगळवारी संध्याकाळपासून लागलेली. काकू हसत म्हणाल्या, "पुण्याची पोरगी आठवण काढून राहिली बापाची, दुसरं काय!" मीही हसले. उचकी ही किडनीवाल्यांची जुनी ओळखीची. रक्तात घाण वाढली की लागते, मशीनवर धुतलं की जाते. चार तासांत काकांची उचकी कमी झाली. मी म्हटलं, झालं, जा घरी. रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळी आले, ते मी पाहिलेच नाहीत. पाहिले असते तर दिसलं असतं की घाण नेहमीइतकीच होती, एक तोळा जास्त नव्हती. म्हणजे उचकी कशाची, हा प्रश्न बुधवारीच विचारता आला असता.

असो. गुरुवारी हातातली सुई लावून, पेशंट साहू भैयाच्या भरवशावर सोडून मी खाली धावले.

काका पलंगावर तळमळत होते. चादर ओढत होते, पाय झाडत होते, मधेच उठून बसत होते. दर दहा सेकंदांनी उचकी. उजवा हात वर करून हलवत होते, झंडी दाखवतात तसा. मला पाहून म्हणाले, "सिग्नल काहून नाही देऊन राहिले? गाडी केव्हाची उभी हाय!" त्यांचा मुलगा नीलेश भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून तसाच आलेला, हेल्मेट अजून हातात. काकू पलंगाच्या पायथ्याशी, पिशवी छातीशी धरून.

ड्यूटी डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "स्ट्रोक लग रहा है." म्हणजे मेंदूत रक्ताची गाठ. सीटी स्कॅन केला. स्वच्छ. साखर पाहिली. ठीक. पोटॅशियम पाहिलं, कारण ते वाढलं तर आमचे पेशंट पाहता पाहता जातात. तेही ठीक.

"फिर दिमागी मामला है. नींद का इंजेक्शन देके वॉर्ड में डालते हैं."

"सर, सुला देंगे तो पता कैसे चलेगा कि बिगड़ रहे हैं कि सुधर रहे हैं?"

"सिस्टर, मैं देख लूँगा."

"मैं सिस्टर नहीं, टेक्निशियन हूँ. और आधा घंटा दीजिए."

टेक्निशियननं डॉक्टरला शिकवायचं नसतं. मी शिकवलं नाही, भांडले, आणि त्यानं अर्धा तास दिला. पण अर्ध्या तासात काय शोधायचं हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि काकांचा हात आता थरथरायला लागला होता. अशा थरथरीनंतर झटके येतात हे मी बघितलेलं आहे. झटके आले तर पुढचं कोणाच्याच हातात नसतं.

नीलेश बिलिंगच्या खिडकीवर गेला होता. मी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, खरं सांगा. काय उलटंसुलटं खाल्लं काकांनी?"

त्या भडकल्याच. "मले विचारता? भाजी दोनदा उकळून पानी फेकून देतो मी. टमाटर नाही, केळं नाही, नारळपानी नाही. तुमची यादी फ्रिजले चिपकवली हाय. त्यातलं एक बी घरात येत नाही!"

खोटं नव्हतं ते. ती यादी आमच्याच युनिटची, मनाई असलेल्या फळांची. कोणत्या तरी परदेशी पुस्तकावरून कोणी तरी उतरवलेली, झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात अव्होकॅडो होतं. बूढापाऱ्यात अव्होकॅडो कोण खातं देव जाणे, पण आम्ही मनाई करून ठेवली होती.

मला स्वस्थ उभं राहवेना. वर युनिटमध्ये गेले, काकांची फाईल काढली. वजनाचा कागद बघितला. तीन आठशे, चार, साडेतीन, चार शंभर. आणि मग एकदम सव्वा, सव्वा. मी या आकड्यावर टाळ्या पिटल्या होत्या. विचार केला नव्हता. वर्षभर तहानेनं तडफडणारा माणूस दोन-तीन दिवसांत साधू कसा झाला? ऊन तर तेच होतं.

परत खाली. जिन्यातच दम लागला. "काकू, काकांची तहान कशी गेली?"

एवढ्या गोंधळातही त्यांचा चेहरा उजळला. "तुम्हीच तर सांगतलं होतं ना ताई! आंबट चोखा म्हणून. तोंडाले पानी सुटते, तहान मरते. मांगं अंगनात कमरखाचं झाड हाय. गेल्या शुक्रवारपासून रोज तीन-चार फळांच्या फोडी करून देत होती मी. मस्त काम केलं त्यानं. तुम्ही शाब्बासी देल्ली तं अजून जास्त खाऊ लागले. काल घरी गेल्यावर उचकी परत लागली, तं मी अर्धा पेला रस बी काढून देल्ला. उचकीवर आंबट चांगलं असते."

कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. ते पिवळं, पाच धारांचं फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते. रायपुरात दर दुसऱ्या अंगणात आहे. शाळेबाहेर मीठ लावून विकतात. मीही खाल्लंय. आमच्या यादीत नव्हतं. ते वाईट असतं हे मलाही माहीत नव्हतं; दहा वर्षं सुया टोचत होते, कोणी सांगितलं नव्हतं. पण "आंबट चोखा" हे मीच सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांना सांगतो. लिंबाची फोड माझ्या डोक्यात होती. ती डोक्यातच राहिली.

मी आमच्या किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, भोयर अंकल प्यास मारने को खट्टा चूस रहे थे, कमरख. छह दिन से."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कितना?"

"रोज़ के तीन-चार. कल जूस भी."

"नींद का इंजेक्शन दिया क्या?"

"नहीं सर. मैंने रोका."

"ठीक किया. मशीन पर लो. अभी. छह घंटे. मैं आ रहा हूँ."

नंतर त्यांनी समजावलं. कमरखात एक विष असतं. तुमच्या-माझ्या किडन्या ते गुपचूप बाहेर फेकतात, आपल्याला कळतही नाही. ज्याच्या किडन्या बंद, त्याच्या रक्तात ते साचत जातं आणि मेंदूवर चढतं. आधी उचकी, मग तळमळ, मग भ्रम, मग झटके. उताऱ्याचं औषध नाही. मशीननं धुणं, एवढंच. आणि तेही वेळेत.

मशीन मात्र एकही रिकामी नव्हती. पहिली शिफ्ट उतरत होती, दुसरी चढायला बाहेर बसली होती. पंडरीच्या कपडा मार्केटमधले एक सेठजी वजन करून, बाही वर करून तयार. मी सरळ जाऊन म्हटलं, "सेठजी, आज आपकी मशीन मुझे चाहिए."

"मेरी? क्यों भाई? मैं क्या फोकट में आता हूँ?"

मी लिफ्टकडे बोट दाखवलं. स्ट्रेचर तेवढ्यात लिफ्टमधून बाहेर आलं. काका झंडी हलवत होते. सेठजींनी पाहिलं, बाही खाली केली. "शाम को लोगी?"

"पक्का."

"एसी के नीचे वाली देना."

"एसी के नीचे वाली."

तळमळणाऱ्या माणसाला मशीनवर घेणं म्हणजे धावत्या बैलगाडीत सुईत दोरा ओवणं. हात हलला, सुई निसटली, तर रक्ताची धार लागते. साहू भैयानं पाय धरले, मी हात. सुया लागल्या, रक्त वाहू लागलं. मोठे डॉक्टर आले. मॉनिटर पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारला. मग आमच्याकडे वळून विचारलं, "ये खट्टा चूसने का आइडिया किसका था?"

मी काकांचं मनगट धरून होते. तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण काकू आधी बोलल्या. "मेरा, डॉक्टर साहब. मेरा ही था."

आणि मी तोंड मिटलं.

नीलेशनं आईकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच खाली बघितलं. "मम्मी, तुम और तुम्हारे घरेलू नुस्खे! मार डालोगी पापा को किसी दिन!" सगळ्या युनिटसमोर. काकूंनी पदर तोंडाला लावला.  सहा तास मी काकांचा हात धरून बसले, आणि सहा तासांत मला एक वाक्य बोलता आलं नाही. कसं सांगू? नोकरी जाईल वाटलं, नाव खराब होईल वाटलं. लाज वाटत होती, तरी तोंड उघडत नव्हतं.

शुक्रवारी परत मशीन. शनिवारी परत. शुक्रवारी संध्याकाळी एक हलका झटका आला, आमचे सगळ्यांचे जीव टांगणीला लागले. नीलेश आईशी बोलत नव्हता. डबा आणायचा, ठेवायचा, जायचा. रविवारी दुपारी उचकी थांबली. काकांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून जमा झाले रे सगळे? मी मेलो काय?" नीलेश हसला आणि मग रडला.

सोमवारी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, खट्टा चूसने को मैंने बोला था." त्यांनी चष्मा काढला. "मुझे कमरख का पता था, फिर भी लिस्ट में नहीं डलवाया. अब बैठो और नई लिस्ट लिखो." बस. मी चार दिवस ज्याला घाबरले, ते एवढंच होतं.

मग वॉर्डात गेले. नीलेशसमोर काकूंना म्हटलं, "काकू, चूक माझी होती. सल्ला माझा होता. तुम्ही काहून स्वतःवर घेतलं?" नीलेशनं आईकडे पाहिलं.  मग त्यानं तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि "मैं धो देता हूँ" म्हणून निघून गेला.

मला वाटलं होतं, काकू म्हणतील तुम्ही मला मुलीसारख्या. मनातून मी तेच ऐकायला गेले होते.

त्यांनी काकांच्या अंगावरची चादर नीट केली. "पोराचा राग काय, दोन दिवसांत जाते. पन त्याईच्या हाताले सुया तुम्ही टोचता, ताई. हप्त्यातून तीनदा. तुमच्यावर राग धरून आमाले परवडन काय?"

नव्या यादीत कमरख सगळ्यात वर लिहिलं, अव्होकॅडो खोडलं. "आंबट" च्या पुढे लिंबाची एक फोड, असं मापासकट लिहिलं. ते अर्ध्या तासाचं काम होतं. काका पुढे साडेपाच वर्षं येत राहिले, काकू सोबत. त्यांनी मला कधी उलटून एक शब्द विचारला नाही, आणि त्या गप्प बसल्या की आजही मला धास्ती वाटते. पेशंटच्या घरचे मान डोलावतात, ते दर वेळी पटलं म्हणून नसतं. त्यांना बुधवारी परत यायचं असतं.