हारिब टँकर चालवायचा विचार करतो

हारिब बिन जाहिर विचार करतो. आमच्या आदम गावात कुणी काय करतो असं विचारलं तर लोक सांगतात, अमका शिक्षक आहे, तमका पोलिसात आहे, फलाणा उंट पाळतो. हारिबबद्दल एवढंच सांगता येतं. वय एकोणतीस, दाढी आठवड्यातून दोनदा कोरून घेतलेली, आणि निझव्याच्या कॉलेजातली औद्योगिक सुरक्षेची दोन वर्षांची पदविका. ती त्याच्या आईने काचेत बसवून बैठकीच्या खोलीत टांगली आहे. शेजारी अवजड वाहनाच्या परवान्याची मोठी केलेली रंगीत प्रत. परवाना मिळून तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्याने हाकलेलं सगळ्यात अवजड वाहन म्हणजे आत्याचा फ्रीज घातलेली पिकअप, आणि तीही दारात लावताना भिंतीला घासली.

मला या गृहस्थाची एवढी माहिती आहे, कारण तो माझा दाजी व्हायचा होता.

माझी थोरली बहीण गालिया सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासते. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसत असल्याने समोरचा माणूस कधी घाबरलाय हे तिला त्याच्या आधी कळतं. गेल्या हिवाळ्यात हारिबच्या घरून तिला मागणं आलं. घर नात्यातलं, माणसं चांगली, नाही म्हणायला तसं कारण नव्हतं.

"पण मुलगा करतो काय?" बाबांनी विचारलं.

"त्याचे बरेच बेत आहेत," त्याची आई जुवैना म्हणाली.

बेत होतेच. पहिला बेत हमरस्त्यावर उंटिणीच्या दुधाच्या आइस्क्रीमचं दुकान काढायचा. जागा त्याने नक्की केली, नाव ठरवलं, पाटीचा रंगही ठरवला. मग कुणीतरी त्याला सांगितलं की त्या जागी वीज नाही. दुसरा बेत सुरक्षा सल्लागार व्हायचा. त्यासाठी पाचशे कार्डं छापून आणली आणि गावात कुणाच्या मयताला गेला तरी तिथेही वाटली. तिसरा बेत म्हणजे तेल कंपनीतली कायमची नोकरी, जिच्यासाठी तो फोन उशाला घेऊन झोपतो.

गालियाने मागण्यावर एकच वाक्य सांगितलं, "आधी कामाला लागू दे. मग सांगते." तिचं हो की नाही ते त्या एका वाक्यावर टांगलेलं राहिलं, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

मे महिन्यात काम चालून आलं. उन्हाळ्यात अर्धा देश पावसाची भुरभुर बघायला सलालाहला निघतो, आणि वाळवंटातल्या पंपांवर पेट्रोल पुरेनासं होतं. एका कंत्राटदाराला जून ते ऑगस्ट टँकरवर माणसं हवी होती. मस्कतच्या डेपोतून भरायचं, सलालाहच्या वाटेवर हैमाच्या पंपांवर रिकामं करायचं. महिना सहाशे रियाल. दुसरा कुणी असता तर दुपारच्या आत अर्ज देऊन आला असता. हारिब विचार करायला लागला. त्याने इमामांना विचारलं, न्हाव्याला विचारलं, पंपावरच्या मल्याळी पोराला विचारलं. शेवटी आमच्याकडे आला, खजुराचं ताट पुढे ओढलं आणि बाबांना म्हणाला, "काका, तीनच महिने आहेत. पुढे काय?"

"पुढे सप्टेंबर," बाबा म्हणाले.

"तसं नाही हो. माझ्या बायोडेटात एकदा टँकर ड्रायव्हर असं लागलं की पुढे मला सल्लागार म्हणून कोण घेणार?"

"आत्ता कोण घेतंय?"

"आत्ता बाजार मंद आहे."

मी म्हटलं, "हारिब, गाडी चालवायची भीती वाटते का रे?"

"भीती?" तो हसला. "थानी, मी भीतीचाच अभ्यासक्रम केलाय. धोका म्हणजे काय, हे मला बारा प्रकारे सांगता येतं."

ते खरं होतं. त्यातले चार प्रकार त्याने तेव्हाच सांगितले, खजूर संपेपर्यंत.

हा विचार त्याने आजपर्यंत चालूच ठेवला असता. पण कंत्राटदाराचा फोन आला तेव्हा तो अंघोळीला गेला होता. जुवैनाने फोन उचलला आणि सांगितलं, "उद्या सकाळी येतो तो." अशा रीतीने आमचा हारिब कामाला लागला.

दोन आठवडे शिकवणी झाली आणि परीक्षेची फेरी ठरली. भरलेला टँकर मस्कतहून हैमाला न्यायचा, शेजारी परीक्षक बसणार. ठरवून दिलेल्या थांब्यांखेरीज कुठेही चाक थांबायचं नाही. फेरी नीट झाली तर काम पक्कं, नाहीतर घरी.

हा रस्ता आदमवरून जातो आणि पुढे चाळीस किलोमीटरवर आमचा उंटांचा तळ अगदी रस्त्याला लागून आहे. बाबांच्या डोक्यात काय आलं असेल हे तुम्हाला सांगायला नको.

"जावई पहिल्यांदा कामाला निघालाय आणि माझ्या दारावरून कोरडा जाणार?"

"बाबा, तो अजून जावई नाही. आणि टँकरमध्ये छत्तीस हजार लिटर पेट्रोल आहे."

"मग? आपण त्याला पेट्रोल पाजणार आहोत का?"

"तुम्ही निखाऱ्यावर कॉफी ठेवणार. त्याला थांबता यायचं नाही."

"पाच मिनिटं."

आमच्या भागात पाच मिनिटांत कुणी उठल्याचं मी पाहिलेलं नाही. आधी हलवा, खजूर, मग कॉफीचे तीन पेले, मग खबरबात. "काय खबर?" "खबर काही नाही, सगळं खैर." "आणखी काय खबर?" "आणखीही काही नाही." काही घडलेलं नाही हे एकमेकांना सांगायला आम्हाला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं न देणारा माणूस उद्धट ठरतो.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, डोक्याला ईदचा फेटा, कमरेला चांदीचा खंजीर, आणि ऊन असं की उंटसुद्धा सावली सोडत नव्हते. साक्षीला शेजारच्या तळावरचे दोन म्हातारे बोलावले होते. मी हलव्याचं ताट धरून उभा. गालिया ड्यूटी संपवून आली होती. ती आपल्या गाडीत काचा वर करून बसली.

टँकर दिसला. बाबांनी हात वर केला. टँकर मोठा होत गेला, बाबांचा हात आणखी वर गेला, म्हातारे गुडघ्यांवर हात टेकून उठले. काचेतून मला हारिब स्पष्ट दिसला. दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, मान ताठ, डोळे पासपोर्टच्या फोटोतल्यासारखे. आणि तो तसाच निघून गेला. मागोमाग आलेल्या वाऱ्याने बाबांचा फेटा उडवला आणि कॉफीत मूठभर वाळू टाकली.

मी धावत जाऊन फेटा उचलून आणला. मग एक म्हातारा म्हणाला, "ब्रेक नसतील."

बाबांनी वाळूसकट कॉफी पेल्यात ओतली आणि पिऊन टाकली. गालियाने काच खाली केली. "थानी, वेग किती होता रे त्याचा?"

"ऐंशीच्या आतच होता. टँकरला तेवढीच मर्यादा."

"हं," ती म्हणाली, आणि चक्क हसली. हारिबच्या विषयात ती हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

संध्याकाळपर्यंत बाबा धुमसत होते. हे लग्न होणार नाही, जुवैनाला तोंडावर सांगतो, वगैरे. पण गावच्या बैठकीत ते पोचले तेव्हा म्हाताऱ्यांनी बातमी आधीच पोचवली होती.

"काय मुहन्ना," कुणीतरी कोपऱ्यातून विचारलं, "जावयाने ओळखलं नाही म्हणे?"

बाबांना माघार घेणं माहीत नाही. ते म्हणाले, "ओळखलं, म्हणूनच थांबला नाही! भरलेला टँकर आहे तो, टॅक्सी नव्हे. कामापुढे ज्याने मुहन्नाचा हात पाहिला नाही, तो पोरगा माझ्या मुलीला जन्मभर सांभाळेल." पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं की घरी येईपर्यंत त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

तिकडे हैमात परीक्षकाने हारिबला पैकीच्या पैकी गुण दिले. हात करणारे कोण ते हारिबकडून कळल्यावर, घरचं माणूस रस्त्यात उभं असतानाही चाक थांबलं नाही, असं वर लिहून दिलं. कंत्राटदार फोनवर म्हणाला, असाच माणूस हवा, तीन महिने झाले की कायम करतो, नव्या ड्रायव्हरांना सुरक्षा शिकवायचं काम देतो. म्हणजे हारिब आठ वर्षं ज्याची वाट पाहत होता ते सगळं एका फोनवर. त्यावर त्याने काय करावं? त्याने आईला फोन लावला. ती रडत म्हणाली, "अरे, मुहन्नाचा अपमान केलास!" मग त्याने आणखी अकरा जणांना फोन लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दारात हजर. पिकअपमध्ये माफीचा बोकड.

"काका, मला माफ करा. मी नोकरी सोडली. तुमच्या मानापुढे नोकरी ती काय?"

बाबा तोंडात घास घेऊन तसेच राहिले. "सोडली?"

"सकाळीच. लेखी दिलं."

"अरे गाढवा! काल अख्ख्या बैठकीत मी तुझे गोडवे गाऊन आलोय! फोन लाव त्यांना. आत्ता लाव!"

"दुसरा माणूस घेतला, काका. यादीत बरेच जण होते."

गालिया नुकतीच कामावरून आली होती. आरोग्य केंद्राचा पांढरा कोट अजून अंगावरच होता. ती दारात येऊन उभी राहिली. "हारिब, काल तू थांबला का नाहीस?"

मी त्याच्याकडे बघत होतो. एवढा सोपा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसेल. नियम होता म्हणून, एवढे तीन शब्द पुरे होते. पदविकेत तेच तर शिकवतात. पण हारिबने खाली बघितलं, वर बघितलं, आणि उत्तराचाही विचार केला.

"थांबावं की नाही ते ठरवत होतो," तो म्हणाला. "ठरेपर्यंत तुमचा तळ मागे गेला."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"आई," गालिया आत तोंड करून म्हणाली, "काल संध्याकाळी मी तुला हो म्हटलं होतं ना? ते जुवैनाकाकूला सांगितलं नाहीस ना अजून?"

"आज जाणार होते," आतून आवाज आला.

"मग आता नाही म्हणून सांग." एवढं बोलून ती हात धुवायला गेली. मासा आणि भात वाढलेला होता, तिला भूक लागली होती.

बाबांनी बोकड ठेवून घेतला नाही. ठेवला असता तर माफी दिल्यासारखं झालं असतं. तो परत चढवायला मी मदत केली. हारिबने मागचे पाय धरले, मी शिंगं. बोकडाने त्याच्या झग्यावर खुराचे ठसे उमटवले.

"थानी, खरं सांग," तो धापा टाकत म्हणाला, "मी घाई केली का?"

"नोकरी सोडण्यात?"

"नाही रे. खरं बोलण्यात. मला वाटतं, उत्तराला एक दिवस मागून घ्यायला हवा होता. तुझं काय मत?"

"दोर आवळून बांध," मी म्हटलं. "वळणावर पडेल."