पाण्याकडे बघत विचारायचं

आमच्या गल्लीत डाव्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारीला सगळे पंपमावशी म्हणतात. सोळाव्या वर्षी तिच्या कडेवर पोर आलं, शाळा सुटली आणि पोराचा बाप हवेसारखा निसटला. लेक आता कमावता आहे. तरी मावशी म्हणते, माझं खेळायचं वय कुणी गिळलं ते अजून कळत नाही.

म्हणून शाळा सुटली की ती गल्लीतल्या पोरींना दुकानात बसवून घेते. हातात पाना देते, गणित अडलं तर मोठीकडून धाकटीला शिकवून घेते, मागच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळवते. पंक्चर काढायचं म्हणजे ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते वाकून बघायचं. तेव्हा कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून पोरींची जीभ सैल सुटते. पाळी, मुलगे, दिवस कसे राहतात, कसे टाळायचे, सगळं विचारतात. मावशीही आडपडदा ठेवत नाही. नातीबरोबर मीही जाऊन बसायचे; मला तर सत्तरीत नव्यानं अक्कल आली.

हे माझ्या मुलाच्या कानावर गेलं. तिथे पोरी बिघडतात म्हणाला आणि माझ्या पंधरा वर्षांच्या नातीचं जाणं बंद केलं. आता दुपारभर घरात ती, तिचा फोन आणि मी. त्यात माझा डोळा लागला की मीही नाही. फोनवर असायचा उजव्या टोकाच्या मोबाइल दुकानातला पोरगा.

एकदा मी नुसतीच डोळे मिटून पडले होते. ती हळूच म्हणाली, “खोलीवर दुसरं कुणी नसेल ना? रविवारी? बघते.”

त्या ‘बघते’नं मी उठून बसले. तिला विचारलं तर, काही नाही गं आजी. बापाला सांगावं तर तो शाळाच बंद करून स्थळं बघायला लागेल. शेवटी मी शिवणाची सुई घेतली आणि तिच्या सायकलच्या टायरात खुपसली. टोक आतच मोडलं. शाळेला सायकल लागतेच, तेव्हा मुलगा कुरकुरत म्हणाला, आजीला घेऊन जा आणि लगेच परत ये.

नात घमेल्यावर वाकली. बुडबुडा कुठून येतो ते शोधू लागली. मग म्हणाली, “नाही म्हटलं तर तो बोलणंच सोडेल.”

“सोडू दे की,” मावशी पाण्याकडे बघतच म्हणाली. “नाही ऐकून जाणारा हो ऐकूनही जातो गं. फक्त तेव्हा मागे तू एकटी उरत नाहीस.”

मग तिनं टायरातून सुईचं टोक काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप खिशात टाकलं. 

रविवारी सकाळपासून फोन वाजत होता. ती अंगणातून आत आली. “आजी, चाक बसलंय. मावशीकडे जाऊन येते.”

मी सुयांचा डबा उघडून पाहिला. उरलेल्या सुया जागच्या जागी होत्या. म्हणजे हवा तिनंच सोडली होती. तिनं फोन फळीवर ठेवला आणि सायकल ढकलत फाटकाबाहेर गेली. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. ती थांबली, एकदा उजवीकडे बघितलं. मग डावीकडे वळली, तेव्हा कुठे मी खाली टेकले. फोन वाजतच होता.