समोरचं मोठ्यानं सांगायचं

ऑफिसात हल्ली कुणाला साखर निघाली की तो माणूस माझ्या टेबलाशी येतो आणि विचारतो, सायकलवर यायचं तर काय काय करावं लागतं. फुकटचा सल्ला द्यायला मी कधी मागेपुढे पाहत नाही. रस्त्याच्या कडेला चिकटून चालवू नका, हातभर आत राहा. कडेला चेंबरची झाकणं आणि वाळू असते. उभ्या रिक्षाच्या ड्रायव्हरकडे पाहू नका, त्याचं स्वतःचंच काही ठरलेलं नसतं. पुढचं चाक वळलंय का ते पाहा. उजवीकडे वळायचं तर मुकाट उतरा आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडा, त्यात कमीपणा नाही. निघण्याआधी टायर अंगठ्यानं दाबून पाहा. ऑफिसच्या खणात एक कोरडा ड्रेस ठेवा. यातलं एक अक्षर माझं नाही, सगळं माझ्या सासऱ्यांचं. त्यांचा आणखी एक नियम होता. तो मी कुणाला सांगत नाही.

आम्ही कात्रजला राहतो आणि माझं ऑफिस स्वारगेटच्या पुढे. पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेवरून दम दिला, तेव्हा मी मुलीची धूळ खात पडलेली सायकल पुसून काढली. नवरा हसला. सासरे हसले नाहीत. त्यांनी चौतीस वर्षं सायकलवर जाऊन कारखान्यात नोकरी केली होती, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सकाळचं दूध सायकल घेऊनच आणत होते. ते खाली आले, मी पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारेपर्यंत कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अशी गेलीस तर पद्मावतीच्या आतच आटोपशील." मग स्वतःच जाहीर केलं की महिनाभर निम्म्या वाटेवरच्या पद्मावतीपर्यंत ते माझ्याबरोबर येणार.

तो नियम असा. ते पुढे, मी मागे. आणि समोर जे जे दिसेल ते मी मोठ्यानं सांगायचं. त्यानं म्हणे डोळ्यांना शिस्त लागते. मी आज्ञाधारकपणे ओरडायची, डावीकडे रिक्षा उभी, पुढे खड्डा, बस थांबतेय, कुत्रं आडवं येतंय. मी सांगायचा अवकाश, त्यांचं हँडल वळलेलं असायचं. या वयात काय हे चापल्य, असं मला वाटायचं आणि मी ते ऑफिसात कौतुकानं सांगायचीही. धनकवडीचा एक भाजीवाला तर मला पाहिलं की माझी नक्कल करायचा. पद्मावतीला ते थांबायचे, मी पुढे जायची, ते घरी परतायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका सिग्नलला आमच्या सेक्शनचे साहेब स्कूटरवर शेजारी येऊन उभे राहिले. "काय बाई, कॉमेंट्री कुठल्या मॅचची?" त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिग्नल सुटल्यावर साहेब पुढे निघून जातील असं वाटलं होतं, पण ते मजा बघत हळूहळू माझ्याच बाजूनं चालवत राहिले. मी तोंड मिटलं. थोडाच वेळ, साहेब जाईपर्यंत, असं मनाशी म्हटलं.

पुढे पाइपसाठी रस्ता खणला होता. खड्ड्यासमोर पिवळ्या पत्र्याचा माणसाएवढा बॅरिकेड आडवा लावलेला. मी तो लांबूनच पाहिला. सासरे वेग कमी करत नव्हते. वळतील, आता वळतील, असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. ते सरळ जाऊन त्यावर आदळले.

पत्रा खड्ड्यात गेला, सायकल निम्मी लोंबकळली आणि ते काठावर पडले, एक पाय आत. खाली लोखंडी सळ्या उभ्या होत्या. मी सायकल टाकून धावले, पण मी पोचायच्या आधी दोघा माणसांनी त्यांना ओढून बाजूला घेतलं होतं. कपाळातून रक्त येत होतं. साहेब कधी निघून गेले ते कळलंच नाही.

सासऱ्यांनी तोंड माझ्या दिशेनं वळवलं. नजर मात्र माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती. ते म्हणाले, "सांगितलं का नाहीस?"

दिसलं नाही, असं ते म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडे बघा."

"बघतोच आहे," ते म्हणाले. "कडेकडेनं दिसतेस. मधे तू नाहीस."

मग त्यांच्याकडून एकेक बाहेर आलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. दोन वर्षं झाली होती. यावर आता उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ती फाइल त्यांनी स्वेटरांच्या खाली कपाटात दडवलेली. पेपर वाचणं सोडलं तेव्हा ते म्हणाले होते, हल्ली पेपरात वाचण्यासारखं असतं काय. आम्ही सगळे हसलो होतो. दूध आणतानाही ते सायकलवर बसत नव्हते, नुसती हातात धरून चालत होते. एका घरात राहून आम्हा कुणाला याचा पत्ता नव्हता, याची मला अजून लाज वाटते.

मी त्यांच्या कपाळाला रुमाल बांधला, ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि आम्ही दोघं सायकली हातात धरून फुटपाथवरून चढ चढायला लागलो. मला भयंकर राग आला होता. मी विचारलं, "मी शिकत होते की तुम्हाला चालवत होते?"

"दोन्ही."

पद्मावतीहून रोज परत कसे जात होतात, असं विचारलं. असाच, म्हणाले, चालत. सव्वा तास लागतो. मग यायचंच कशाला, असं मी जवळजवळ ओरडलेच. "तुला रस्ता येत नव्हता," म्हणाले. "आणि मला तो तुझ्या तोंडून पुन्हा दिसत होता."

घराजवळ आल्यावर म्हटलं, आज हे सगळं घरात सांगणार. त्यांनी मान हलवली. "सांग. मला काही जमलं नाही."

संध्याकाळी मी सांगितलं. डोळे, फाइल, दूध, सव्वा तासाची चाल, सगळं. नवरा खुर्चीत बसला तो बसलाच. सासूबाई उठून कपाटाकडे गेल्या आणि फाइल हातात घेऊन परत आल्या. मग नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "पण तू तर मागून सगळं ओरडून सांगतेस ना? मग एवढा मोठा बॅरिकेड कसा सांगितला नाहीस?"

मी सगळं सांगितलं होतं, साहेबांचं तेवढं सोडून.

"सांगितला होता तिनं," सासरे म्हणाले. "चांगली दोनदा ओरडली. मलाच ऐकू आलं नाही."

"म्हणजे आता कानही गेले का?" नवरा वैतागून म्हणाला.

"गेले असतील."

दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते मुकाट चप्पल घालून निघाले. मी दारात उभी होते, आणि मी त्यांना जाऊ दिलं.