कोपरापर्यंत हात आणि अर्धं लिंबू

अमरावतीच्या निर्मलामावशींचं नाव आधी लिहितो. त्या भेटल्या नसत्या, तर आज माझी नोकरी राहिली नसती, आणि गोठ्यातल्या म्हशींचं काय झालं असतं कोण जाणे.

मी कुडाळकडचा. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून म्हशींच्या गोठ्यावर आहे. यंदा मालकांनी मला एकट्यालाच सरकी (कापसाचं बी, म्हशींचं खाद्य) आणायला वऱ्हाडात धाडलं. "माल खराब आला, तर ट्रकमागोमाग तू येऊ नकोस," म्हणाले. मी बडनेऱ्यापर्यंत डोळा मिटला नाही.

बडनेऱ्याहून रिक्षात बसलो, तर शेजारचे आजोबा नाक धरून म्हणाले, "काय मेलं बे थैलीत?" आईनं दिलेली जवळ्याची (बारीक सुक्या मासळीची) चटणी होती. मी ओशाळून थैली पायांत घेतली.

अमरावतीत सरकीच्या गोदामासमोर निर्मलामावशींची चहाची टपरी. तिथंच चटणी-भाकरी खाल्ली, हात पुसले आणि आत गेलो. छताला टेकेल एवढा सरकीचा ढीग! मूठभर उचलून हुंगली. खराब काही वाटलं नाही. "आजच भरून देतो," व्यापारी म्हणाला. मालकांना विचारतो, असं सांगून बाहेर आलो.

"काहो भाऊ, एवढे घामेघूम काहून झाले?" मावशींनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी अशा गोदामांत कितीतरी वर्षं पोती भरलेली.

"वरची सरकी हवा खाते. कोपरापावतर हात घाला, मंग हुंगा." माझा तळवा ओढून त्यांनी नाकाशी नेला आणि खो खो हसल्या. "हाताले मासोळीचा वास, अन् हुंगून राहिले सरकी!"

अर्धं लिंबू माझ्या हातावर पिळलं. "माही पोरगी शाळेत सायन्स शिकवते. ते म्हणते, वास म्हंजे त्या वस्तूतून उडालेले बारीक कण. लिंबाच्या आंबटानं मासोळीचे कण बांधल्या जातात. उडत नाहीत."

"मग दगडाला वास का नाही, मावशी?"

"दगड उडते का, बाप्पा?"

परत जाऊन ढिगात हात खुपसला. आत ताप आल्यासारखं गरम. हात काढला, तर शिळ्या कणकेसारखा आंबूस वास.

"बी जित्तं रायते, श्वास घेते," मावशी नंतर म्हणाल्या. "ओलं भरलं तं ढीग तापते, बुरशी खाते त्याले. तिच्या खाण्यातून जे उडते, तेच तुमच्या नाकात गेलं."

मी व्यापाऱ्याला नाही म्हणालो. तो माझ्याकडे न बघता टपरीकडे बघत राहिला. मावशींनी पाठ फिरवून आधण ठेवलं. "जा, अकोटची बस धरा. तिथं बी सरकी भेटते."

स्टँडवर गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खाल्ला, पण हात आधी चोळून धुतले. दर्यापूरच्या पुढंही दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. अकोटला दोन ढिगांनी हात पोळला. तिसरा आतून गार, कोरडा, ताज्या तेलासारखा वास. तोच भरला आणि अकोल्यावरून ट्रकबरोबर घरी आलो. म्हशींनी पाटी चाटून साफ केली. मालकांनी पाठ थोपटली.

मावशींना फोन केला. "टपरी हटवाले लावली गेटसमोरून. आता रस्त्यापल्याड आहो, उन्हात. पन गिऱ्हाईक येते."

"माझ्यामुळं ना?"

"तुमी म्हशी पाहा."

मावशी, आमच्या गोठ्याचा पत्रा मी माझ्या हातानं चढवलाय. पुढच्या हंगामात हत्यारं घेऊनच येईन. तुमच्या डोक्यावर सावली झाल्याशिवाय कुठल्याच ढिगात हात घालणार नाही.