धर्मशाळेपुढचा ट्रक रिकामाच गेला

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देवबागेत समुद्राने घरं गिळली, तेव्हापासून तिथली मच्छीमार कुटुंबं मालवणच्या धर्मशाळेत राहतात. आज तहसील कचेरीतले साहेब ट्रक घेऊनच आले.

"ही जागा उद्यापासून बंद. तुमची सोय कणकवलीला केली आहे. सामान चढवा."

म्हाताऱ्या जानकीआजी पुढे झाल्या. त्यांचा मुलगा रोज होडी घेऊन समुद्रात जातो. "सायबानू, कणकवलीक दर्या खंय आसा? माझ्या झिलान होडी खंय लावची?"

"उद्या इथे कुलूप लागेल, आजी."

"लावा! गोरो सायब गेलो, तरी आमका हाकलूचा काय थांबाक नाय. आमी जावचे नाय."

असं म्हणून त्या ट्रकच्या चाकापुढेच बसल्या. मागोमाग सगळ्या बायका बसल्या. मी शाळेत शिकवायला निघाले होते, मीही बसले.

"बाई, तुम्हीसुद्धा?" साहेब चिडले.

"यांची मुलं माझ्या वर्गात आहेत," मी म्हटलं. "ती इथेच शिकतील."

दुपारी ट्रक रिकामा गेला. कुलूप मात्र लागणारच. लागू दे! जानकीआजींचं बिऱ्हाड संध्याकाळीच माझ्या पडवीत आलंय. बाकीची कुटुंबं अजून धर्मशाळेतच आहेत.

तुमच्या पडवीत उद्या कोण येणार, सांगा.